बुडव्याची सही

पितळी कड्या परदेशी पाठवणाऱ्या कारखानदाराचे पैसे तिकडच्या व्यापाऱ्याने दोन वर्षं लटकवले होते आणि इकडे घर गहाण पडलं होतं. अशा निर्यातदारांसाठी सरकारी मदत निघाली, तेव्हा पहिला अर्ज त्याचाच.

"कागद चोख आहेत, काका," खिडकीतली बाई म्हणाली. "फक्त 'मी पैसे देणार नाही' असं त्या व्यापाऱ्याच्या सहीचं पत्र जोडा. मुदत शुक्रवारपर्यंत."

"अहो ताई, चोर कधी पावती देतो का?"

"नियम आहे."

नाक मुठीत धरून त्याने फोन लावला. व्यापारी साखरेहून गोड. "पत्र काय, लगेच देतो. पण आपला धंदा असा थांबलेला बरा दिसत नाही हो."

 

बुधवारी उधारीवर आणखी एक कंटेनर रवाना झाला, तेव्हा कुठे गुरुवारी पत्र आलं.