शेजारची सीट

रालित्साची ही पहिलीच गाडी. रोज घाट उतरून कामावर जायचं, म्हणून जुनी असली तरी भरवशाची हवी, असं तिच्या आजीनं, स्तामेंकानं, गाडी विकणाऱ्या क्रुमला दहादा बजावलं होतं. आणि व्यवहार उरकून रालित्सानं किल्ली फिरवली, तर शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी टिंगटिंग ओरडायला लागली.

"कोण बसलंय रे तिथं? तुझा बाप?" मागच्या सीटवरून स्तामेंका कडाडली.

"पट्टा लावा, गप्प होईल," अंगणात उभा क्रुम म्हणाला. त्याची नजर त्या सीटवरून हलेना.

"आम्ही गाढवं बांधतो, वारा नाही बांधत!"

"आजी, जाऊ दे ना गं."

स्तामेंकानं पुढे वाकून फणकाऱ्यानं पट्टा खेचला आणि अडकवला. आवाज थांबला. पण पट्टा सीटला टेकलाच नाही. कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा फुगून राहिला.

गाडी फाटकाबाहेर पडली, तसा क्रुम तांब्या घेऊन धावला आणि त्यानं चाकांमागे पाणी ओतलं. घरचं माणूस लांब निघालं की त्याची वाट पाण्यासारखी सुरळीत जावी म्हणून ओततात, तसं.

"मेल्या, आम्ही तुझ्या कोण लागतो? कुणासाठी ओततोस पाणी?" स्तामेंका किंचाळली. "थांबव गं गाडी! त्याच्या तोंडावर फेकते ही किल्ली!"

गाडी थांबली. क्रुम रडत हात हलवत होता.

रालित्साचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि शेजारच्या सीटची काच हळूहळू खाली गेली, निरोप घ्यायला उतरवतात तशी.