हळदीचा गुण

"तात्याबा, पोट आत घे," गोजरबाई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी बघितलं तर आल्या आल्या सुई टोचतील."

"आतच घेतलंय, आक्का. एवढंच ऱ्हायलंय आता."

बारामतीच्या दवाखान्यात दोघं बहीणभाऊ बाकावर बसले होते. कारभारीण गेल्यापासून तात्याबाला कामं दोनच, खाणं आणि खाटेवर लोळणं. पोट सुटलं, साखर वाढली, लिव्हरवर चरबी चढली. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन उतरलं नाही तर रोज इन्सुलिनची सुई. ऊस तोडताना पायावर कोयता बसला तरी हूं की चूं न करणारा गडी, सुई म्हटल्यावर पांढराफटक पडला.

गोजरबाईनं मोबाइलवर ऐकलं होतं, हळदीनं चरबी झडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हळद घ्या, पण तिच्या भरवशावर गोळ्या सोडू नका." गोजरबाईला पहिले दोनच शब्द ऐकू आले.

घरची हळद निमगाव केतकीच्या भामाबाईकडं होती. नवऱ्यामागं एकटीनं मळा राखलेली, जिभेची तिखट बाई. तिनं पहिल्याच दिवशी तात्याबाला दारातनं परत लावला.

"फटफटीवर आलाय व्हय? हितं हळद पायी येणाऱ्याला मिळती. आन् खिशातलं ते फरसाण आदी म्हशीला घाला."

दुसऱ्या दिवसापासनं तात्याबा वस्तीवरनं निमगावला पायी निघाला. फरसाण सुटलं, दुपारची झोप सुटली. भामाबाई त्याला हळदीत खुरपायला बसवायची आणि मग भाकरी-मेथी वाढायची. मोजून.

"अरं, एकदम शेरभर आणून ठेव की घरी," गोजरबाई करवादायची. "रोज काय पाय तोडतूस?"

"न्हाय आक्का. तिच्याच हातची लागती."

लेंग्याची नाडी लांब पडायला लागली. गाल बसले. एक दिवस मिशाही काळ्या झाल्या, तेव्हा गोजरबाईनं अख्ख्या वस्तीला ऐकवलं, "बघा गं, हळदीनं केस बी काळं व्हत्यात! घोरत पडण्यापरीस हळद प्या."

आता डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. रिपोर्ट एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

"तात्याबा, कमाल केलीत. साखर ताब्यात आली, लिव्हर सुधारलं. इन्सुलिन नको."

गोजरबाईनं टेबलावर थाप मारली. "हळद! माजी आयडिया हाय, बाई. दुसऱ्या पेशंटास्नी बी सांगा, गोजरबाईचं नाव घिऊन."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं, तात्याबा, हळद कधी घेता? सकाळी की रात्री?"

तात्याबानं टोपी काढली, परत घातली. बहिणीकडं बघायचं टाळलं.

"मला हळद अजून लागायची हाय, बाई. येत्या रविवारी, भामाबाईच्या दारात. तुमी बी या." मग खाली मान घालून, हळूच म्हणाला, "आन् आक्का, करवली तूच हायस."