सुधारून पोचवलेलं

आबा निंबाळकर सकाळी गेले, आणि घटकाभरात दर्भ घेऊन गुरुजी दारात हजर! आबांच्या पत्नी कुमुदकाकू चकितच झाल्या. त्यांनी तर सगळ्यांना फोनवर कळवलं होतं, "आबा नास्तिक होते. विधी नाहीत, देहदान करायचंय."

"अहो, हा तुमचाच निरोप," म्हणत गुरुजींनी फोन पुढे धरला. त्यावर होतं, "आबा देवाघरी गेले. विधीला यावे."

आबांचे दोस्त शिराळकर कडवट हसले. "वहिनी, विसरलात? भावना दुखावणारं वाक्य फोनवाले आता खोडत नाहीत, सुधारून पोचवतात. आमचं नास्तिक मंडळ दोन वर्षं एकमेकांना सत्यनारायणाचं बोलावणं धाडतंय!"

"मग तोंडानं सांगते!" काकू अंगणात येऊन ओरडल्या, "देव मानत नव्हते हो ते! तिरडी बांधू नका!"

जमलेल्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि बांबू आडवे टाकले. प्रत्येकाच्या कानात फोनचं बटण होतं, समोरच्याचं बोलणंही त्यातूनच ऐकू यायचं, आणि सुधारणा तिथेही चालू होती.

"बटणं काढा रे कानातली!" शिराळकर कळवळून म्हणाले. त्यांचंही जमलेल्यांच्या कानी सुधारूनच पोचलं.

लोकांचे कान बघता बघता काकूंचा हात मात्र स्वतःच्या कानाकडे गेला. तिथेही बटण होतंच. सकाळी आबा त्यांचा हात धरून शेवटचं बोलले होते, "कुमुद, देवाचं नाव घे." काकूंना नवल वाटलं होतं, तरी त्यांनी रडत रडत रामनाम घेतलं होतं.

आणि आबांनी हात सोडवून घेऊन भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.