नोटीस बोर्डावरच्या माई

फोटोतल्या माईंच्या कपाळावरून आणखी एक पांढरी रेघ गेली आणि गुरुदत्तांनी प्रिंटरच्या पाठीत धपका घातला. माईंची अबोली साडी हिरवट झाली होती, चेहरा कावीळ झाल्यासारखा. पुढच्या कागदावर तर माई धड उमटल्याच नाहीत. रंगीत कार्ट्रिज संपलं होतं. स्वस्तात मस्त म्हणून ते त्यांनी उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या बाजारात भरून आणलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी.

आज शेजारच्या माईंचा ऐंशीवा वाढदिवस. शिरगावातल्या त्या सोसायटीत वाढदिवस खरा कधी, तर गुरुदत्तांनी तो खाली नोटीस बोर्डावर लावला म्हणजे. अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग हौसेने मागे लावून घेतला होता. वाढदिवस असला की रंगीत फोटो, भोवती फुलांची चौकट. कुणी गेलं की काळा-पांढरा फोटो, खाली नाव आणि तारीख. शिस्त म्हणजे शिस्त. लोकांनाही इतकी सवय झाली होती, की खाली काय लिहिलंय ते कुणी वाचतच नसे. लांबूनच रंग बघायचा, आणि हसायचं किंवा हात जोडायचे.

माई फोटो स्वतः घेऊन आल्या होत्या. "रंगीत हं, भाऊ. यज्ञेश यायचाय पुण्याहून. आत शिरताच दिसायला हवा त्याला." यज्ञेश त्यांचा एकुलता एक मुलगा. कित्येक दिवसांत तो फिरकला नव्हता, पण या वाढदिवसाला येणारच, असं माई आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या. आता त्या बाईला नाही कसं म्हणायचं?

शिस्त स्वतःच्या आड आली की माणूस सवलत शोधतो. बोर्ड रिकामा ठेवण्यापेक्षा काळा बरा, संध्याकाळी नवं कार्ट्रिज आणून बदलू, असं म्हणत गुरुदत्तांनी 'फक्त काळी शाई'वर टिचकी मारली. फोटो झकास आला. 'हार्दिक शुभेच्छा' ही अक्षरं पिवळी होती, ती धुरकट होऊन कागदात विरली. चष्मा कपाळावर असल्यामुळे त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. कागद बोर्डावर टाचून ते आंघोळीला गेले.

आंघोळ आटपून खाली येतात तो बोर्डाला झेंडूचा हार, पायाशी उदबत्ती. दुसऱ्या मजल्यावरचा मुकेश डोक्यावर रुमाल बांधून उभा.

"अंकल, बहुत अच्छी थी माई," तो म्हणाला. "मी ग्रुपवर टाकलं, ओम शांती. यज्ञेशभाईला पण अलग से पाठवलं."

"अरे गाढवा, वाढदिवस आहे त्यांचा!"

मुकेशचा हात उदबत्तीवरच राहिला. गुरुदत्त धापा टाकत तीन मजले चढून माईंच्या दारात पोचले आणि हात जोडून त्यांनी सगळं सांगून टाकलं. माई पोट धरून हसल्या. "अहो, आपल्याला हार कोण घालतं ते बघायला नशीब लागतं! मला जिवंतपणी मिळालं." त्यांना सांभाळणाऱ्या संजीवनीला त्यांनी गॅस बंद करायला लावला आणि तो हार आणायला खाली पिटाळलं. गुरुदत्तांचा जीव भांड्यात पडला. घरभर भाजलेल्या रव्याचा वास होता. यज्ञेशला शिरा आवडायचा.

तेवढ्यात माईंचा फोन वाजला.

"यज्ञेश!" माईंचे डोळे लकाकले. "त्या मुकेशने कळवलं ना, घाबरला असेल पोर." त्यांनी ओठांवर बोट ठेवून गुरुदत्तांकडे बघितलं. "बोलू नका हं. माझ्यासाठी कसा रडतो ते ऐकू तरी द्या एकदा." त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून नेहमीप्रमाणे स्पीकर लावून त्यांनी फोन घेतला.

"संजीवनी?" यज्ञेशचा आवाज स्वच्छ होता. "मुकेशचा मेसेज बघितला. नक्की गेली ना?"

माई हसू दाबून गप्प बसल्या.

"ऐक. मी येईपर्यंत बॉडी ठेवू नका, मला जमणार नाही. सोसायटीवाल्यांना म्हणावं, उरकून घ्या. मी शनिवारी येतो. एजंटला घेऊनच येतो, तेवढं घर रिकामं करून ठेव." त्याने मोठा श्वास सोडला. "सुटलो बाबा एकदाचा. हॅलो? ऐकतेयस ना? बोल की. नक्की गेली ना?"

गुरुदत्तांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोनकडे हात नेला. त्यांना ओरडून सांगायचं होतं, की चूक माझी आहे, शाई संपली होती, तुझी आई ही इथे माझ्यासमोर बसलीय. माईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. मग पदर तोंडाला लावला आणि आवाज बदलून, संजीवनी बोलते तशा त्या बोलल्या.

"हो दादा, गेल्या माई. आम्ही घेतो उरकून. तुम्ही नका येऊ."