तास चालू असेल तर

"माझ्यासाठी फोन आला होता का?"

उपमुख्याध्यापिका बाई ऑफिसच्या दारातूनच विचारत होत्या. हातातल्या मोबाइलवर पलीकडे भाऊ रडत होता. वडील गेले होते. छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. काळजीचं काही नाही, डॉक्टर म्हणाले होते. त्याच भरवशावर बाई शाळेत आल्या होत्या. भाऊ सांगत होता, मी औषधं आणायला खाली गेलो, तेवढ्यात त्यांनी नर्सच्या फोनवरून तुझ्या शाळेत फोन लावला. तुझ्याशी शेवटचं काय बोलले?

आला होता, क्लार्क म्हणाले, दुसऱ्या तासाला. मेल केलाय तुम्हाला.

बाईंनी मेल उघडला. 'वडिलांचा फोन. काही काम नाही.' बस, एवढंच. बाईंचं डोकं फिरलं. दुसऱ्या तासाला त्या समोरच्याच वर्गात होत्या. मधे फक्त व्हरांडा. मुलांनी गृहपाठ केला नव्हता म्हणून त्यांनी तासभर वर्गाला फैलावर घेतलं होतं.

क्लार्कनी भिंतीकडे पाहिलं. तिथे बाईंनीच लावलेला तक्ता होता. रजा मेलवर, तासांची अदलाबदल ग्रुपवर, घरचे फोन मेलवर, वर्गाच्या दारात फक्त तातडीचा निरोप. शिक्षक त्याला 'वाहतुकीचे नियम' म्हणत आणि बाईंची पाठ वळली की हसत. हा तक्ता झाला तोही वडिलांमुळेच. शाळेचा नंबर तेवढा त्यांना तोंडपाठ होता. चष्मा सापडत नाही, टीव्ही लागत नाही, उठसूट फोन. एकदा क्लार्क भर वर्गात चष्म्याचा निरोप घेऊन आले, मुलं खिदळली. त्या संध्याकाळी बाई वडिलांवर कडाडल्या, ती शाळा आहे, बाबा, तुमची करमणूक नाही. त्यानंतर वडिलांनी शाळेत फोन केला नव्हता. घरातही ते जरा जपूनच बोलत. बाईंना ते कळत होतं, पण विषय काढायला सवड झाली नव्हती.

"तातडीचं दारात येऊन सांगा, असं स्पष्ट लिहिलंय मी," बाईंचा आवाज चिरकला. "माणूस दवाखान्यातून फोन करतोय, आणि तुम्ही मेल करता?"

"दवाखान्यातून बोलतोय असं ते म्हणालेच नाहीत, मॅडम." क्लार्क खाली बघत होते. "मी विचारलं, अर्जंट आहे का, बोलावू का. म्हणाले, नको हो, तास चालू आहे तिचा, फोनमधून आवाज ऐकू येतोय मला. फोन ठेवू नका, तसाच टेबलावर राहू द्या जरा."

क्लार्कना पुढचं सांगायचं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं.

"म्हणाले, कुणाला तरी रागावतेय वाटतं. असू दे, ऐकतो."