ग्रिलमधली तुळस

तुळशीचं तिसरं रोपही मान टाकू लागलं, तेव्हा माणिकताई अक्षताकडे बघून म्हणाली, "घरची लक्ष्मी गेली, तुळस कशी राहील? सुनेला दिवा लावायलाही सवड नाही."

अक्षता ऑफिसचा डबा भरत राहिली.

सहदेवचं डोकं तापलं. त्याची बायको प्रेमा गेली आणि पंधरवड्यात खिडकीच्या ग्रिलमधली तिची तुळस वाळली. तेव्हापासून बहीण नाहूरच्या घरी आली की हेच ऐकवायची. मुलगा हर्षद आता बोरीवलीला वेगळी जागा बघत होता, अक्षताला आत्याचं हे बोलणं नको म्हणून. ती दोघं गेली की घरात सहदेव एकटा.

"ताई, एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं नसतं."

"एवढा इन्स्पेक्टर ना तू? मग सांग कशामुळे."

तेच सापडत नव्हतं. विक्रोळीच्या कारखान्यात त्याने जन्मभर माल तपासला होता. माल बिघडला की आधी विचारायचं, बदललं काय? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दुसऱ्या रोपाला त्याने माती बदलली. तिसऱ्याला ऊन मिळावं म्हणून कुंडी सरकवली. पाण्याचा प्रश्नच नव्हता. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, हे तो लग्नापासून स्वतः घालत होता. देवाधर्माचं तेवढं एकच काम तो करायचा. प्रेमा शेजारणींना सांगायची, यांच्या हाताला गुण आहे, आमची तुळस कधी वाळत नाही.

"दिवा चुकला म्हणून झाड मरत नाही," तो म्हणाला. "आणि प्रेमा गेली म्हणूनही मरत नाही. आता हा विषय बंद."

माणिकताई पिशवी उचलून निघून गेली. सहदेवने चिडून रोप उपटलं. मुळं काळी पडली होती.

"तू तरी सांग," तो अक्षताला म्हणाला. "आळ तुझ्यावर येतोय. माझं काय बघायचं राहिलं?"

अक्षताने डब्याचं झाकण लावलं. परत काढलं, परत लावलं.

"आईंनी बजावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "तांब्याभर पाण्याने मुळं कुजायची, बाबा. त्या दर महिन्याला स्टेशनवरून नवं रोप आणायच्या, आणि तुम्ही दुपारी झोपलात की लावायच्या."