कोपऱ्यातला बाक

पल्लवीच्या मनगटावरचं कडं लाल झालं आणि अख्खा नववीचा वर्ग चिडीचूप झाला. मनात द्वेष साठला की कड्याला कळायचं. आता उखर्डे सरांनी दहा मिनिटांत बटण दाबायचं, मग सुधार केंद्राची गाडी येऊन मुलीला सहा महिने घेऊन जायची.

सर तिच्याजवळ गेले. "नदीपलीकडच्या लोकांना हाकलून द्यावं, हे आत्ता बोललीस ते कोण शिकवतं गं तुला?"

"फोनवरचा दादा."

"अन् तू ऐकतेस?"

"तो रोज विचारतो सर, जेवलीस का म्हणून. इथं महिनाभरात कुणी बोललं माझ्याशी?"

सरांनी तिच्या बाकाला हात घातला. महिन्यापूर्वी कडं पिवळं झालं, तेव्हा नियमावर बोट ठेवून त्यांनीच तिचा बाक कोपऱ्यात नेला होता.

"बाक मध्ये घ्यायचाय. एक टोक धरा कुणीतरी."

कुणी हलेना. शेवटी नदीपलीकडची जमिला उठली. "सोडा सर, कंबर धरेल तुमची. ए पल्लवी, बसलीस काय महाराणीसारखी? धर की तिकडून!"

पल्लवी गोंधळली, पण उठली.

दहा मिनिटं उलटली. कडं लालच होतं. सर बटण न दाबल्याचा खुलासा लिहायला बसले.